तेल प्यायलेली माती साफ करायचा धंदा : पाकीट विकू नका, काम विका



"सर, तेल खाणाऱ्या बॅक्टेरियाची एजन्सी घेऊ का?" हा प्रश्न हल्ली मला सारखा येतो. विचारणाऱ्यांत कुणी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालेलं असतं, कुणाची नर्सरी असते, कुणाचा भाऊ एमआयडीसीत गॅरेज चालवतो. समोरच्या विक्रेत्याने सांगितलेलं असतं की डिपॉझिट भरा, जिल्हा तुमचा. पावडर टाकायची, पाणी मारायचं, महिन्यात माती चकाचक. व्हिडिओत वेळेअभावी आकडेमोड करता आली नाही, म्हणून ती इथे लिहून देतोय. कागद-पेन घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धंदा आहे, आणि पुढे वाढणार आहे. पण पैसा त्या पाकिटात नाही. माती खणणं, पलटणं, ओली ठेवणं, खत मोजून घालणं, नमुने काढणं आणि शेवटी प्रयोगशाळेचा कागद ग्राहकाच्या हातात देणं, याचे पैसे मिळतात. हे ज्याला समजलं तो टिकेल. बाकीच्यांच्या घरात पावडरीचे बॉक्स पडून राहतील.

पाकिटाची परीक्षा कधीच होऊन गेलीय

तेल खाणाऱ्या जिवाणूंची कीर्ती जगभर झाली ती आपल्याच देशात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञामुळे. आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत होते. त्यांनी स्यूडोमोनास जातीचा एक जिवाणू असा तयार केला की तो कच्च्या तेलातले अनेक घटक एकटाच पचवू शकेल. त्याचं पेटंट द्यायचं की नाही यावर भांडण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निकालाने ते चक्रवर्तींच्या बाजूने लागलं. कायद्याच्या पुस्तकात हा खटला अजून शिकवतात. गंमत अशी, की तो प्रसिद्ध जिवाणू उघड्यावरच्या तेलगळतीवर कधी वापरलाच गेला नाही.

आता दुसरी घटना. २४ मार्च १९८९ ला अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ हे जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. किनाऱ्यावर काय फवारलं माहितीय? मुख्यतः खत! नत्र आणि स्फुरद. कारण तेल खाणारे जिवाणू त्या किनाऱ्यावर आधीच होते. समोर जेवणाचं ताट होतं, पण मीठ-मसाला नव्हता म्हणा ना. खत मिळाल्यावर त्यांनी वेग घेतला. त्याच काळात अनेक कंपन्या आपापले जिवाणू घेऊन दारात उभ्या होत्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने त्यांची उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली आणि त्यातली दोन निवडून १९९० मध्ये प्रत्यक्ष किनाऱ्यावर पट्टे आखून वापरून बघितली. जिवाणू टाकलेले पट्टे बाकीच्या पट्ट्यांपेक्षा वेगळे निघाले नाहीत.

म्हणजे जिवाणू विकणारे सगळे खोटे का? अजिबात नाही. आपल्याकडेच टेरी या संस्थेने 'ऑइलझॅपर' नावाचं मिश्रण तयार केलं. तेल मुरलेल्या जागांवरच्या मातीतून जिवाणू वेगळे काढले, त्यांची टोळी बांधली आणि दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भुकटीवर त्यांना बसवलं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, तेल किनाऱ्याला आणि कांदळवनाला लागलं, तेव्हा ते आपल्या किनाऱ्यावरही वापरलं गेलं. पुढे-मागे वाचलंत तर कळेल, की ओएनजीसी आणि टेरी यांची या कामासाठी संयुक्त कंपनीच आहे. आता बघा, ती कंपनी काय करते? तेलविहिरी आणि रिफायनरीच्या खड्ड्यांतला गाळ हाती घेते, त्यावर महिनोन् महिने काम करते, चाचण्या करते आणि काम पूर्ण करून देते. खड्ड्यातल्या जाड गाळात तेल इतकं असतं की स्थानिक जिवाणूंच्या भरवशावर बसता येत नाही, तिथे बाहेरून भर घालावी लागते. पण त्यांचं बिल निघतं ते साफ झालेल्या मातीवर.

मातीत नक्की काय चालतं

तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या. जिवाणूंसाठी ते अन्न आहे. ते साखळी तोडतात, त्यातून ऊर्जा घेतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. चुलीत लाकूड जळतं तेच, फक्त फार सावकाश आणि ओल्या मातीत. आणि चुलीला लागते तशी इथेही हवा लागते. एक किलो तेल पूर्ण संपवायला साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. हा आकडा लक्षात ठेवा, सगळा धंदा यावर उभा आहे.

समजा एका जेसीबी दुरुस्तीच्या यार्डात १० मीटर बाय १० मीटर जागा तेलकट झालीय, ३० सेंटीमीटर खोलपर्यंत. म्हणजे ३० घनमीटर माती. घनमीटरला दीड टन धरला तर ४५ टन. तपासणीत तेल ३ टक्के निघालं, तर त्या मातीत १,३५० किलो तेल आहे. डोळ्यांना नुसता काळा डाग दिसतो, पण हे सात-आठ बॅरल तेल आहे!

हे सगळं जिवाणूंनी पूर्ण जाळायचं ठरवलं तर सुमारे १७ हजार घनमीटर हवा लागेल. आणि त्या ३० घनमीटर मातीच्या पोकळ्यांत एका वेळी जेमतेम ६ घनमीटर हवा मावते. म्हणून माती पुन्हा पुन्हा पलटावी लागते. पावडर टाकून तसंच सोडलं तर वरचे दोन-चार सेंटीमीटर सुधारतात, खाली जिवाणू गुदमरतात. आपल्या काळ्या चिकण मातीत तर हे आणखी अवघड. ओली झाली की चिखल, सुकली की दगड. तिच्यात उसाचं चिपाड, भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा मिसळून ती मोकळी करावी लागते. पण जपून. चिपाडातही कार्बन असतो, जिवाणू त्याच्यावरही ताव मारतात आणि नत्र तिथेच खर्च होतो. भरपूर चिपाड घातलं आणि खत तेवढंच ठेवलं, तर तेल तसंच राहतं.

आता खताचं गणित. पुस्तकी प्रमाण आहे कार्बन १००, नत्र १०, स्फुरद १. तेलात साधारण ८५ टक्के कार्बन, म्हणजे आपल्या यार्डात ११५० किलो. त्याला नत्र ११५ किलो, म्हणजे युरिया २५० किलो. स्फुरद साडेअकरा किलो, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट साधारण १६५ किलो. हा कागदावरचा वरचा आकडा आहे. तेलाचा बराच कार्बन हवेत जातो, म्हणून बरेच जण याहून कमी खतात काम भागवतात.

आणि हे एकदम ओतायचं नाही, बरं का! ४५ टन मातीत १५ टक्के ओल ठेवली तर पाणी होतं पावणेसात हजार लिटर, एक टँकर समजा. त्यात अडीचशे किलो युरिया विरघळला तर जिवाणूंना ते मिठाच्या पाण्यासारखं होईल. एका वेळी २०-२५ किलो, मग पंधरा दिवस थांबायचं, बघायचं, पुन्हा. इथेच नवशिक्यांचं काम फसतं, कारण शेतकऱ्याच्या घरातल्या पोरालाही वाटतं, जास्त खत म्हणजे जास्त जोर.

पलटण्याबद्दल एक कामाची गोष्ट. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर साधारण १५ सेंटीमीटरच जातो. थर ३० चा असेल तर खालची माती वर आणायला नांगर किंवा जेसीबीचं बकेट लागेल. कोटेशन देताना हे भाडं धरायला विसरू नका.

वेळ किती लागतो? डिझेल असेल तर काही महिने. वापरलेलं इंजिन ऑइल किंवा फर्नेस ऑइल असेल तर वर्ष, कधी त्याहून जास्त. महिन्यात साफ करतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

झाडं तेल पीत नाहीत

हा गैरसमज फार आहे. लोकांना वाटतं वाळा लावला की तो मुळांनी तेल ओढून घेईल. तेलाचे जड रेणू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, त्यामुळे मुळातून वर चढत नाहीत. झाड काम करतं ते वेगळ्या मार्गाने. मुळं मातीत साखरेसारखे पदार्थ सोडतात, त्यांच्याभोवती जिवाणूंची दाटी होते. मुळं माती फोडतात, हवा खाली नेतात, एक मूळ कुजलं की तिथे बोगदा राहतो. म्हणजे रोज पलटायला मजूर ठेवण्याऐवजी तुम्ही गवत कामाला लावलं. फुकटात, पण सावकाश.

वाळा यासाठी उत्तम. मुळं सरळ खाली जातात, दुष्काळ सोसतात, बी पडून तण होत नाही. ठोंबं फोडून रोपं होतात आणि पावसाच्या तोंडावर लावली की जगतात. ताग आणि धैंचा हे नत्र बांधतात, त्यामुळे तेलकट मातीत, जिथे नत्राची टंचाई असते तिथे, त्यांचा जोड चांगला. पण तेल जास्त असताना लावलंत तर झाडं मरतील आणि ग्राहक तुमच्याकडे बघून हसेल. आधी जिवाणूंचं काम, तेल एक-दोन टक्क्यांच्या खाली आलं की मग झाडं.

कधी लावायची हे कसं कळणार? स्वयंपाकघरातली चाचणी सांगतो. दोन वाट्या घ्या. एकीत ती माती, एकीत चांगली शेतातली माती. दोन्हीत वीस-वीस दाणे मेथीचे किंवा मुगाचे पेरा, सारखं पाणी द्या. चांगल्या मातीत अठरा उगवले आणि तेलकट मातीत चारच, तर अजून वेळ आहे. ही चाचणी प्रयोगशाळेच्या रिपोर्टची जागा घेत नाही. पण ग्राहकाला डोळ्यांनी दिसते, आणि फोटो काढून पाठवला तर तोच पुढचं काम आणून देतो.

एक सक्त सूचना. गॅरेजमधल्या वापरलेल्या ऑइलमध्ये जस्त, शिसं असे धातू असतात. जिवाणू तेल खातात, धातू खाऊ शकत नाहीत. काही झाडं धातू मात्र वर ओढतात, मोहरीची जात त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे अशा जागेवरचं गवत गुरांना घालायचं नाही, आणि तिथल्या वाळ्याची मुळं कूलरच्या पडद्याला, माठात टाकायला किंवा सरबताला विकायची नाहीत. "मुळांचे वेगळे पैसे सुटतील" असं कुणी सुचवलं तर तो तुमचा हितचिंतक नाही. तिथल्या भाजीचं आणि अळंबीचंही तेच.

अळंबीवरून आठवलं. आपल्यातल्या अनेकांचं धिंगरी अळंबीचं युनिट आहे. पीक काढून झालेल्या पिशव्यांचं तुम्ही काय करता? उकिरड्यावर, किंवा कुणीतरी खतासाठी नेतं. त्या भुशात बुरशीचं जाळं आणि तिची विकरं अजून जिवंत असतात. लाकडातला चिवट भाग फोडणारी हीच विकरं तेलातल्या चिवट रेणूंवरही चालतात. माती मोकळी करायला भुसा लागतोच, मग हा वापरलेला भुसा वापरा. यावर बरंच संशोधन झालेलं आहे. अळंबीवाल्या आणि नर्सरीवाल्या मित्रांनी एकमेकांचे नंबर घ्या, एवढंच म्हणेन.

कुठलं काम घ्यायचं, कुठलं सोडायचं

घेण्यासारखं : जेसीबी-ट्रकची दुरुस्ती यार्डं, जनरेटरच्या खालची जागा, कारखान्याच्या डिझेल टाकीशेजारचा पट्टा, साखर कारखान्याचं वर्कशॉप, रस्त्याकडेला कलंडलेल्या डिझेल टँकरची माती. तेल उथळ आहे, कुठून आलं हे माहीत आहे, गळती थांबलेली आहे.

सोडून देण्यासारखं : पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीची गळती. तिथे भूजलाचा प्रश्न असतो आणि बाष्प पेट घेऊ शकतं. ते मोठ्या, अनुभवी कंपन्यांचं काम. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं यार्डही तपासणीशिवाय हातात घेऊ नका. त्या तेलात पीसीबी नावाचं घातक रसायन असू शकतं आणि ते सहजासहजी पचत नाही. आणि जिथे गळती चालूच आहे, तिथे तर पाऊलच टाकू नका. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार होतो तो.

तेल ५ टक्क्यांच्या वर असेल तर जिवाणूंना ते जड जातं. आधी साचलेलं तेल उपसायचं, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला द्यायचं, उरलेल्या मातीवर काम.

चार टब आणि एक रिपोर्ट

कुठलंही काम घ्यायच्या आधी छोटी चाचणी करा. यात तुमचे थोडे पैसे जातील, पण मोठे पैसे वाचतील. चार प्लास्टिकचे टब, प्रत्येकात २० किलो तीच माती, चांगली मिसळलेली. पहिल्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याला फक्त पाणी आणि आठवड्यातून दोनदा पलटणं. तिसऱ्याला त्यासोबत खत. चौथ्याला खत आणि जिवाणूंचं ते पाकीट. सहा ते आठ आठवडे. सुरुवातीला आणि शेवटी चारही टबांचं टीपीएच, म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून.

पहिला टब कशाला, असं वाटेल. डिझेल नुसतं उडूनही जातं. पहिल्या टबात जेवढं घटलं ते वाऱ्याने नेलं, तुम्ही नाही. आणि तिसरा-चौथा टब सारखाच निघाला, तर पाकिटाचे पैसे तुमच्या खिशात राहिले. चौथा खरंच पुढे असेल, तर पाकीट घ्या, बिनधास्त घ्या, आणि त्याची किंमत कोटेशनमध्ये लावा. विक्रेत्याला ही चाचणी सांगितली की त्याचा चेहरा बघा. चांगला विक्रेता स्वतःहून नमुना पाठवतो.

नमुना काढताना एका ठिकाणची मूठभर माती चालत नाही. निदान पाच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी तीन खोल्यांवर : १५, ३० आणि ६० सेंटीमीटर. काचेच्या बाटलीत गच्च भरून, बर्फात ठेवून त्याच दिवशी पाठवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार दिवस गाडीच्या डिकीत फिरवलं तर रिपोर्ट छान येतो, माती तशीच राहते.

खोलीबद्दल मी एवढा आग्रह का धरतोय? नायजेरियात ओगोनीलँड नावाचा तेलविहिरींचा प्रदेश आहे. तिथे वर्षानुवर्षं गळती झाली आणि कंपनीने माती जागेवरच पलटून, खत घालून साफ केल्याच्या नोंदी ठेवल्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तपासणी करून २०११ मध्ये अहवाल दिला. साफ झाल्याची नोंद असलेल्या ज्या १५ जागा त्यांनी तपासल्या, त्यातल्या १० जागांवर प्रदूषण मर्यादेच्या वरच होतं. ४९ ठिकाणी तेल निदान ५ मीटर खोल सापडलं. वर नांगर फिरत होता आणि खाली तेल विहिरींकडे निघालं होतं. त्या गावांतली माणसं तेच पाणी पीत होती. आपलं यार्ड लहान, पण यार्डाच्या पलीकडे कुणाचीतरी बोअर आहेच.

कायदा आणि पैसा

तेलकट माती ठराविक मर्यादेपलीकडे असेल तर ती घातक कचरा ठरते. २०१६ च्या नियमांप्रमाणे ती उचलून ट्रॅक्टरमध्ये घालून तुमच्या शेतात आणायची आणि तिथे साफ करायची, हे परवानगीशिवाय चालणार नाही. कितीही चांगला हेतू असला तरी. ग्राहकाच्याच जागेवर, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून, त्यांच्याकडून लक्ष्य आकडा लेखी घेऊन काम करा. सुरुवातीला मंडळाची मान्यता असलेल्या सल्लागार कंपनीखाली उपकंत्राटदार म्हणून शिरणं सगळ्यात सोयीचं. माणसं, पलटणं, पाणी, रोपं तुमची. कागद आणि जबाबदारी त्यांची. दोन-तीन कामं झाली की तुमचं नाव होतं.

भाव कसा ठरवायचा? ग्राहकासमोर दुसरा पर्याय कुठला आहे ते बघा. तो माती खणून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात पाठवू शकतो. टनामागे त्यांचा दर, अधिक परवाना असलेल्या वाहनाचं भाडं, अधिक खड्डा भरायला नवीन माती. ४५ टनांचा हा हिशोब ग्राहकाच्या टेबलावर मांडा आणि मग तुमचा आकडा सांगा. त्याला जागा उद्या रिकामी हवी असेल, तर तो माती पाठवेल. तिथे वाद घालू नका, ते तुमचं गिऱ्हाईक नाही. ज्याला वर्षभर थांबायला जागा आहे, तो तुमचा.

तुमच्या खर्चात धरा : सुरुवातीची आणि मधली तपासणी, खालची जाड प्लास्टिक शीट आणि भोवतीचा बांध, खत, भुसा, पाणी, पलटण्याचं भाडं, हातमोजे-गमबूट, पावसाळ्यात ताडपत्री. कोकणात जूनच्या आत माती झाकली नाही तर पहिल्या सरीत तेलाचा तवंग शेजाऱ्याच्या भातखाचरात जाईल आणि तुम्ही पोलीस स्टेशनात. म्हणून मी सांगतो, काम ऑक्टोबरमध्ये सुरू करा. पुढे आठ महिने ऊब आणि कोरडी हवा मिळते, ओल आपल्या हातात राहते.

करारात तीन गोष्टी हव्यातच. सुरुवातीचा आकडा आणि कुठल्या प्रयोगशाळेचा, शेवटी गाठायचा आकडा, आणि ६० सेंटीमीटरखाली तेल निघालं तर दर नव्याने ठरेल हे वाक्य. 'शंभर टक्के साफ' असं कधी लिहून देऊ नका. स्वच्छ माती मिसळून टक्केवारी खाली आणायची युक्ती कुणी सुचवेल. तेवढीच स्वच्छ माती टाकली की ३ चा दीड होतो, तेल मात्र तेवढंच. मंडळाच्या माणसाला हे कळतं.

आणि एक बाजू राहिली, जी मला स्वतःला जास्त आवडते. साफ करण्याचं काम वर्षातून दोन-चार मिळेल. गळू न देण्याचं काम दर महिन्याला आहे. ज्या गॅरेजची माती बघायला जाल, तिथे ट्रे नाही, ऑइल बदलताना सांडतंय, वापरलेलं तेल उघड्या डब्यात आहे. ट्रे बसवा, शोषून घेणारा भुसा पुरवा आणि तेल लागलेला भुसा नियमाप्रमाणे परत न्यायची व्यवस्था लावा, वापरलेलं तेल नोंदणीकृत ठिकाणी जाईल असं बघा, महिन्याला एक भेट आणि एक नोंदवही. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी उत्पादकांवरही टाकणारे नियम लागू झालेत, त्यात तेल गोळा करणाऱ्यांची नोंदणीही येते. एका एमआयडीसीतली वीस-पंचवीस गॅरेजेस अशी बांधली की घरखर्च निघतो, आणि माती साफ करायचं काम आलं की ते आधी तुमच्याचकडे येतं.

तर एजन्सीचे पैसे भरायच्या आधी या रविवारी जवळच्या एका यार्डात जा, मालकाला विचारून फावड्याने फूटभर खणा आणि किती खाली काळं आहे ते मोजून या. टब आणि मेथीचे फोटो पाठवणार असाल तर सोबत तारीख आणि मातीचा प्रकार लिहा, म्हणजे मला नीट उत्तर देता येईल.